गडाची झाडी आणि रयतेचा आंबा

ठाणें शहरांत टेंभी नाका म्हणून जो चौक आहे, तेथून खाडीच्या रोखानें दहापंधरा मिनिटें चालत गेलें म्हणजे मध्यवर्ती तुरुंगाच्या उंच दगडी भिंती लागतात. नवरात्रांत ह्या नाक्यावर माणसांचा पूर लोटतो, आणि एरवींहि तेथें वर्दळ असतेच. परंतु त्या गर्दींतल्या शंभरांपैकीं कितीजणांस ठाऊक असेल कीं, हा तुरुंग म्हणजे मुळांत एक किल्ला आहे? पोर्तुगीजांनीं १७३० नंतरच्या वर्षांत त्याचें बांधकाम हातीं घेतलें. तें पुरें होण्यापूर्वींच, १७३७ सालीं, चिमाजी अप्पाच्या वसईच्या मोहिमेच्या आरंभीं मराठ्यांनीं तो घेतला. आणि १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं तो मराठ्यांकडून हिसकावून घेतला. पुढें १८१६ सालीं त्रिंबकजी डेंगळे ह्याच भिंतींतून निसटला. गाणें गुणगुणत घोड्यास खरारा करणाऱ्या मोतद्दारानें त्याला बाहेरची बातमी पोंचविली, ही गोष्ट शाळेंतल्या मुलांस अजून आवडते.

इतिहासकारांनीं ह्या किल्ल्याची हकीकत लिहितांना कोणी हल्ला केला, कोण पडला, कोण पळाला, एवढें सांगितलें आहे, आणि तें स्वाभाविकहि आहे. आम्हांस मात्र निराळाच प्रश्न पडतो. सैन्य एखाद्या भूमीवर ठाण मांडून बसलें म्हणजे त्या भूमीचें, तिच्या झाडांचें, गवताचें, पाण्याचें काय होतें? सर्वसाधारण समजूत अशी कीं, सैन्य म्हणजे टोळधाड. तें जेथून जाईल तेथें गवताची काडी उरावयाची नाहीं. ही समजूत खोटी नाहीं. परंतु तिच्या उलटहि पुरावा आहे. खडकवासल्याच्या तलावाकांठीं १९४९ सालीं ज्या प्रबोधिनीची कोनशिला बसविली गेली, तिच्या हद्दींतील टेंकड्यांवरची झाडी आणि तेथले मोर पाहिले, आणि त्याच रस्त्यानें पुण्याकडे येतांना दुतर्फा वाढलेली इमारतींची रांग पाहिली, म्हणजे कुंपणाचा गुण कोणासहि कबूल करावा लागतो. ठाण्याच्या पश्चिमेस येऊरच्या डोंगरावरहि वायुदलाचें ठाणें आहे. पण तेथील रानाचें श्रेय मुख्यत्वें राष्ट्रीय उद्यानाचें आहे, सैन्याचें नव्हे, हें प्रामाणिकपणें सांगितलेलें बरें.

तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, सैनिकाच्या ताब्यांतील भूमीवर जें राहतें तें केवळ इतरांना मज्जाव असल्यामुळें राहतें, कीं सैनिक स्वतः बुद्धिपुरःसर कांहीं राखूं शकतो? आणि राखतो म्हटलें, तर तें कोणाच्या जिवावर? ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार आपल्याच भाषेंत तीनशें वर्षांपूर्वीं झालेला आहे, ही गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावी एवढ्यासाठीं हा लेख.

प्रथम शिवाजी महाराजांच्या एका पत्राकडे वळूं. चिपळूणच्या बाजूस पावसाळ्यासाठीं लष्कराची छावणी पडली असतां तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून ह्यांस तें लिहिलेलें आहे. काल राज्याभिषेकाच्या अगदीं मागचापुढचा. पत्राचा विषय कोणती लढाई नाहीं, कीं कोणता तह नाहीं. विषय आहे गवत! पागेसाठीं पावसाळ्याच्या बेगमीचें म्हणून जें दाणा-वैरण सांठविलें होतें, त्यावर मध्येंच ह्या लष्कराचा भार पडला होता. आतां तुम्ही बेहिशेब चारलेंत, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं आणि घोडीं मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचें धान्य, गवत, लांकूडफांटा, भाजीपाला ओढून आणूं लागाल. मग जे कुणबी घर धरून राहिले आहेत तेहि परागंदा होतील आणि तुम्हांला मोंगलांहून वाईट समजतील. असा तो एकांतून एक निघणारा हिशेब आहे. त्याच्या शेवटीं आगीची ताकीद येते. कोणी चूल पेटवील, कोणी चिलमीसाठीं विस्तव नेईल, कोणी रात्रीं दिवा तसाच ठेवील आणि उंदीर त्याची पेटती वात ओढून नेईल. गंजीला आग लागली कीं सगळी छावणी बुडाली. ज्याच्या डोक्यांत त्याच सुमारास सिंहासनाचे विचार चालले असावेत त्या पुरुषाला उंदराच्या तोंडांतली वात दिसत होती, ह्याचें आम्हांस फार आश्चर्य वाटतें. लागेल तें बाजारांतून दाम देऊन घ्यावें, रयतेस काडीचा उपद्रव देऊं नये, हा त्या पत्राचा निष्कर्ष आहे.

घोडदळाच्या राज्यांत गवत म्हणजे दारूगोळ्याइतकेंच मोलाचें. म्हणूनच सरकारी कुरणें राखलीं जात. आज आपण कुरण म्हणजे हवी तशी चरण्याची मोकळी जागा समजतों, किंबहुना 'चरण्याला कुरण मिळालें' असें म्हणून लांचखाऊ माणसावर कोटीहि करतों. परंतु मूळ अर्थ बरोबर उलट, म्हणजे राखलेलें, चराईस बंद ठेवलेलें गवताचें रान, असा आहे. शब्दाच्या अर्थाची अशी उलटापालट होण्यास किती कुरणें मोडावीं लागलीं असतील कोण जाणे.

पण ह्या विषयावरचा खरा ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें 'आज्ञापत्र'. तें इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचें समजलें जातें, आणि कोल्हापूरच्या गादीवरील तरुण संभाजीराजांच्या शिक्षणासाठीं लिहिलेलें आहे. पंत हे शिवकालापासूनचे मुत्सद्दी. राजाराम महाराज १६८९ मध्यें जिंजीस गेले तेव्हां महाराष्ट्राचा कारभार 'हुकूमतपन्हा' ह्या पदवीनें त्यांजकडेच होता. औरंगजेबाच्या फौजा सह्याद्रीच्या खोऱ्यांतून वर्षानुवर्षें फिरत असतां गांवेंच्या गांवें कशीं उजाड झालीं, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. त्यामुळें त्यांच्या लिहिण्यांत पोथीचा वास नाहीं.

दुर्गांच्या प्रकरणांत पंत किल्ल्याची जागा, तट, दरवाजे, अधिकारी, दारूखाना ह्यांची चर्चा करतात. पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें त्यांतील तीन विषय विशेष आहेत. पहिला पाण्याचा. पाणी पाहिल्यावांचून गड बांधूं नये, हें तर ते सांगतातच. परंतु वाहता झरा आहे एवढ्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. लढाई जुंपली म्हणजे तोफांच्या धडाक्यानें झऱ्याचें पाणी कमी होतें, म्हणून पावसाचें पाणी वर्षभर पुरेल अशीं टाकीं वेगळीं खोदून राखून ठेवावीं, असें त्यांचें म्हणणें आहे. दुसरा विषय केरकचऱ्याचा. गडावरील वाटा, बाजार, तट झाडून काढलेला केर गडाखालीं ढकलून न देतां जागोजाग जाळावा, ती राख परसांत घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा. टेंकडीवर राहणाऱ्या माणसाला खालीं केर लोटण्याचा मोह किती अनिवार असतो, हें ठाण्याच्या टेंकड्यांवरील आजच्या वस्त्यांस सांगावयास नको. पंतांनीं तो मोह ओळखला होता.

तिसरा विषय झाडांचा, आणि येथें त्यांची दृष्टि फार बारीक आहे. गडाच्या आंत आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे मोठे वृक्ष, लिंबू-नारिंगासारखीं लहान झाडें, फुलझाडें, वेली, जें जें तेथें रुजेल तें तें लावावें व जतन करावें, कारण प्रसंग पडला म्हणजे तेवढेंच लांकूडहि कामास येतें. तटाच्या सांध्यांतून मात्र जें झुडूप उगवेल तें वरचेवर कापून काढावें, गवत जाळावें, आणि गड न्हाऊन निघाल्यासारखा स्वच्छ ठेवावा; कारण पिंपळाचें मूळ एकदां दगडांत शिरलें कीं, शत्रूच्या तोफेला जें साधत नाहीं तें तें निमूटपणें साधतें. आणि गडाच्या घेऱ्यांतली, कड्याखालची जी झाडी, ती तर गडाची राखणच होय. ती प्रयत्नेंकरून वाढवावी, तिच्यांतली एक काठीहि तोडूं देऊं नये. कठीण वेळ आली म्हणजे तिच्यांत बंदूकवाले लपवितां येतात.

ह्या तीन आज्ञा एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. झाड म्हटलें कीं राखा, असा सरसकट नियम येथें नाहीं. आंतलें झाड लावावें, भिंतींतलें काढावें, बाहेरचें वाढवावें. कोणतें झाड कोठें इष्ट आणि कोठें अनिष्ट, हें गडाच्या उपयोगावरून ठरतें. आजच्या काळीं किल्ल्यांवर श्रमदानास जाणाऱ्या तरुण मंडळींस ह्या विवेकाची गरज पदोपदीं भासते. टाक्यांतला गाळ उपसावा, तटावरचीं झुडपें काढावीं, ह्यांत वाद नाहीं. परंतु उत्साहाच्या भरांत बुरुजाचें चांगलें छायाचित्र मिळावें म्हणून घेऱ्यांतलीहि झाडी छाटली गेली, तर तें पंतांच्या हुकमाविरुद्ध होईल.

ठाण्याच्या किल्ल्यासारख्या भुईकोटाची गोष्ट अर्थातच वेगळी. तोफांच्या काळांतल्या सपाट जमिनीवरील किल्ल्यासमोर मारा करण्यास मोकळें मैदान लागे. तेथें झाडी ही राखण नव्हे, ती शत्रूला आडोसा. डोंगरी किल्ल्याचा मित्र तो भुईकोटाचा वैरी. म्हणून सैन्य झाडें राखतें कीं तोडतें, ह्या प्रश्नास एकच उत्तर नाहीं. तें त्याच्या युद्धपद्धतीवर अवलंबून असतें. मराठ्यांची पद्धति डोंगर, रान आणि गनिमी कावा ह्यांची होती. त्यामुळें रान राखण्यांत त्यांचा स्वार्थ होता, आणि धोरण टिकावयाचें तर त्यांत थोडा स्वार्थ असलेला बराच असतो.

आरमाराच्या प्रकरणांत मात्र पंत स्वार्थाच्या पलीकडे जातात. जहाजबांधणी म्हणजे झाडांचा काळ. फळ्या, सोट, डोलकाठ्या ह्यांस थोर लांकूड लागतें. कल्याण-भिवंडी १६५७ सालीं स्वराज्यांत आली आणि कल्याणच्या खाडींत पोर्तुगीज कारागिरांच्या साह्यानें महाराजांनीं जहाजें बांधावयास आरंभ केला, तेव्हांपासून ह्या मुलखाच्या लांकडाचा आणि आरमाराचा संबंध जडलेला आहे. पंत सांगतात कीं, स्वराज्यांतील अरण्यांत सागवानादि जीं झाडें आहेत त्यांपैकीं सोयीचीं असतील तीं हुजूर कळवून, परवानगी घेऊन तोडावीं. अधिक लागेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा आणि फणस ह्यांचें लांकूडहि जहाजाच्या कामाचें आहे. पण त्यांस हात लावूं देऊं नये. कां? तर हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लावून पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार राहणार नाहीं, आणि एकास दुःख देऊन केलेलें काम करणाऱ्यासकट थोडक्याच काळांत लयास जातें. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल, तर त्याच्या धन्यास राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानें न्यावें. बळजबरी सर्वथा करूं नये.

हा उतारा आपल्याकडे पर्यावरणाच्या व्याख्यानांत वारंवार ऐकूं येतो, पण तेथें त्याचा अर्धाच अर्थ सांगितला जातो. झाडांवर प्रेम करा, असें पंत म्हणतात, हें खरें. परंतु त्यांचा मुद्दा झाडाहून झाडाच्या मालकाचा अधिक आहे. सागवान राज्याचें, म्हणून परवानगीनें तोडतां येतें. आंबा रयतेचा, म्हणून आरमाराचें काम अडलें तरी तोडतां येत नाहीं. राज्याला जहाज पाहिजे आहे, समुद्रावर फिरंगी, इंग्रज, सिद्दी टपलेले आहेत, आणि तरीहि एका शेतकऱ्याची राजीखुशी त्या सगळ्याला आडवी येऊं शकते. सैन्याच्या गरजेला घातलेली इतकी स्पष्ट मर्यादा त्या काळच्या राजनीतीच्या लिखाणांत आमच्या तरी दुसरीकडे वाचण्यांत आलेली नाहीं.

पुढील शतकांत हीच लांकडाची गरज इंग्रजांनीं कशी भागविली, हें पाहण्यासारखें आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याचे कारागीर मलबारी सागाचीं लढाऊ गलबतें बांधीत. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'ट्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे, इतका तो साग पक्का. ह्या सागाचा पुरवठा आटूं नये म्हणून कंपनी सरकारनें १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन नांवाच्या अंमलदारास मलबारांत जंगलांचा रक्षक नेमलें. हिंदुस्थानांतील पहिला वनरक्षक तो हाच. त्यानें रक्षण असें केलें कीं, साग तेवढा सरकारचा ठरवून खासगी मालकांचे व व्यापाऱ्यांचे हक्क गुंडाळून ठेवले. तक्रारी इतक्या वाढल्या कीं, अखेर १८२३ सालीं मद्रासचे गव्हर्नर मन्रो ह्यांनीं ती जागाच मोडून टाकली. आमच्या मुंबई इलाख्यांत १८४७ सालीं डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे वनरक्षक झाले. हे कंपनीचे शस्त्रवैद्य. खडकीच्या छावणीजवळ दापोडी येथील वनस्पति-उद्यान १८३८ पासून त्यांजकडे होतें. डोंगर उघडे पडले कीं ओढे आटतात, हें ते कळकळीनें लिहीत, आणि तें खरेंहि होतें.

परंतु ह्या खात्याचा हात पुढें ठाणें जिल्ह्यांत कुणब्याच्या राबापर्यंत पोंचला. भाताची रोपें करण्यापूर्वीं ऐन वगैरे झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण पसरून जमीन भाजावयाची, ही येथली जुनी चाल. तीस राब म्हणतात. जंगलांत फांद्या तोडण्यास बंदी आली आणि भातशेतीच अडली. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढा ओरडा झाला कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारला चौकशी-मंडळ नेमावें लागलें, व १८८७ सालीं त्याचा अहवाल निघाला. जंगल राखणें चुकीचें होतें असें कोण म्हणेल? पण धन्यास राजी करावयाचें कलम मध्यंतरीं गळालें होतें.

आतां आपल्या आठवणींतल्या काळाकडे येऊं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणच्या आसपास दोन मोठ्या जागा लष्कराकडे गेल्या. एक कल्याणच्या पलीकडील छावणी, जींत परदेशीं जाणाऱ्या-येणाऱ्या सैनिकांचा मुक्काम असे. युद्ध संपलें, देशाची फाळणी झाली, आणि सिंधमधून आलेल्या हजारों निर्वासित कुटुंबांस ह्या रिकाम्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें तिचें 'उल्हासनगर' असें नामकरण झालें. ज्या माणसांचें सर्वस्व गेलें होतें त्यांस त्या जमिनीवर घर मिळालें, ह्यापेक्षां लष्करी जमिनीचा चांगला विनियोग आम्हांस सुचत नाहीं. मात्र त्या शहराजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढें कारखान्यांच्या सांडपाण्यानें काळी झाली. ज्या उल्हास नदीवरून शहराचें नांव पडलें तिलाच ती जाऊन मिळते. कुंपण गेलें तेव्हां नदीची राखण कोणाकडे सोंपवावयाची, ह्याचा विचार करण्यास कोणास सवड झाली नाहीं.

दुसरी जागा मलंगगडाच्या वाटेवरील नेवाळीची. तेथें युद्धकाळांत विमानांची धांवपट्टी झाली. आसपासच्या गांवांची मिळून १,६०० एकरांहून अधिक जमीन तींत गेली. युद्धानंतर विमानें उडेनाशीं झालीं. शेतकरी पुन्हां त्याच जमिनींत नांगर घालूं लागले, आणि कागदोपत्रीं जमीन सरकारची तर वहिवाट कुणब्याची, असा प्रकार दोन पिढ्यांहून अधिक काळ चालला. ह्या जागेकडे आम्ही पुन्हां येऊं. पण मध्यें एक विलायती उदाहरण पाहिलें म्हणजे तिचा अर्थ अधिक कळेल.

इंग्लंडच्या दक्षिणेस सॉल्सबरीचें पठार म्हणून खडूच्या मातीचा विस्तीर्ण माळ आहे. १८९७ पासून तेथील जमिनी युद्धखात्यानें सैनिकांच्या सरावासाठीं विकत घेण्यास प्रारंभ केला. इतरत्र असे माळ नांगराखालीं आणि खतांखालीं नाहींसे झाले. येथें रणगाडे फिरले, तोफा उडाल्या, पण नांगर आला नाहीं, आणि त्यामुळें वायव्य युरोपांतील अशा गवताळ माळाचा सर्वांत मोठा शिल्लक तुकडा आज लष्कराच्या ताब्यांत आहे. आपल्या माळढोकाचा एक भाऊबंद इंग्लंडांतून १९ व्या शतकांतच नामशेष झाला होता. २००४ पासून तो ह्याच पठारावर परत आणून सोडण्यांत आला. लष्करी भूमीवरील निसर्गरक्षणाचा नमुना म्हणून ह्या पठाराचें नांव जगभर घेतलें जातें, आणि तें योग्यच आहे. पण त्याच पठारावर इम्बर नांवाचें एक खेडें होतें. १९४३ च्या नोव्हेंबरांत गांवकऱ्यांस सुमारें दीड महिन्याची मुदत देऊन घरें सोडण्यास सांगण्यांत आलें. अमेरिकन फौजांना रस्त्यांतील लढाईचा सराव करावयाचा होता. युद्ध संपलें कीं परत येऊं, अशा समजुतीनें ते गेले. त्यांस कधींच परत येऊं दिलें गेलें नाहीं. आजहि त्या गांवांत वर्षाचे ठराविक दिवसच लोकांस जातां येतें, आणि तेवढ्यांत तेथील जुनें देऊळ उघडतें. माळावरचीं फुलें राखलीं गेलीं ती किंमत इम्बरनें भरली, हें त्या फुलांच्या वर्णनांत सहसा येत नाहीं.

आपल्या देशांत ह्या विषयास १९८२ पासून एक नवीनच वळण लागलें. मसुरीच्या डोंगरांतून चुनखडी काढतां काढतां कडेच्या कडे पांढरेफटक पडले होते. पाऊस आला कीं दरड खालीं, माती नदींत. त्या वर्षाच्या १ डिसेंबरास डेहराडून येथें गढवाल रायफल्सशीं संलग्न अशी १२७ वी प्रादेशिक सेनेची पलटण उभी राहिली, ती झाडें लावण्यासाठीं. पुढें १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथील बहुतेक खाणी बंद करविल्या, त्यामुळें पलटणीच्या कामास अर्थ आला. नाहीं तर एकीकडे सुरुंग आणि एकीकडे खड्डे, असा तमाशा झाला असता. १९८३ सालीं राजस्थानांत बिकानेरकडे अशीच दुसरी पलटण निघाली आणि वाळूच्या टेंकड्या थोपविण्याच्या कामास लागली. ह्या पलटणींत मुख्यतः निवृत्त सैनिक असतात, आणि शक्य तों त्याच मुलखांतले. हीच त्यांतली मख्खी आहे. रोप लावणें हें एका सकाळचें काम. मंत्री येतात, फीत कापतात, छायाचित्र निघतें. परंतु उन्हाळ्यांत खड्डे खणून ठेवणें, उतारावर समपातळींत चर काढणें, पहिल्या पावसाबरोबर लावणी उरकणें, मग तीन-तीन वर्षें गुरें आणि वणवा ह्यांपासून पहारा देणें, मेलेल्या रोपाच्या जागीं नवें लावणें, आणि किती जगलीं ह्याचा खोटा न बोलतां हिशेब देणें, हें शिस्तीचें काम आहे. पहारा म्हणजे काय हें ज्याला तीस वर्षें शिकविलें आहे, त्यालाच तें जमावयाचें. घेऱ्याच्या झाडींत एक काठीहि तोडूं न देण्याची जबाबदारी गडकऱ्यावर टाकणारे पंत ही योजना पाहून चकित झाले नसते.

महाराष्ट्रांत अशी पलटण २०१७ च्या सुमारास उभी राहिली. महार रेजिमेंटशीं संलग्न अशी ही १३६ वी पलटण असून, मराठवाड्यांतल्या उघड्या टेंकड्यांवर काम करण्यासाठीं ती छत्रपति संभाजीनगर येथें ठेवण्यांत आली. शिवकालीं गडाच्या घेऱ्यांतील मेटांवर पहारा करणाऱ्यांत महार, रामोशी, कोळी, बेरड ह्या जातींचीं माणसें असत. रानाची खडान् खडा माहिती असलेल्या ह्या लोकांच्या जागरूकतेवर गडाची झाडी आणि गड दोन्ही टिकत. बखरींत त्यांचीं नांवें फारशीं सांपडत नाहींत. त्याच महार नांवाच्या पलटणीकडे दौलताबादच्या मुलखांतल्या डोंगरांवर झाडी वाढविण्याचें काम यावें, ह्यांत इतिहासाची कांहीं भरपाई आहे असें आम्हांस वाटतें. निदान ह्या वेळीं त्या कामाची सरकारदफ्तरीं नोंद आहे, आणि पगारहि.

आणि त्याच २०१७ सालच्या जून महिन्यांत नेवाळीस काय झालें? धांवपट्टीच्या जागेभोंवतीं भिंत घालण्याचें काम सुरूं झालें होतें. पेरणीचे दिवस. शेतकऱ्यांचें म्हणणें असें कीं, ही जमीन युद्धापुरती घेतलेली होती आणि युद्ध संपतांच परत व्हावयास पाहिजे होती. संरक्षण खात्याचें म्हणणें असें कीं, ती रीतसर सरकारची आहे व तिच्यावर अतिक्रमण झालें आहे. २२ जूनला कल्याण-मलंगगड रस्त्यावर जमाव उतरला, पोलिसांचीं वाहनें जळलीं, छऱ्यांचा मारा झाला, दोन्ही बाजूंचीं माणसें जखमी झालीं. जाळपोळ करणाऱ्यांचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु त्या भिंतीच्या आंत उद्यां एखादें सुंदर रान वाढलें, तळीं भरलीं, पांखरें आलीं, तर तें रान सॉल्सबरीच्या माळासारखें असेल कीं पंतांच्या घेऱ्यांतल्या झाडीसारखें, हा प्रश्न तेथून डोंबिवलीकडे परततांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं. नेवाळीकडे आकाशांत मलंगगडाचा सुळका दिसतो; त्याच्याहि पायथ्याला रान आहे आणि भाताचीं खाचरें आहेत, आणि त्यांची हद्द कोणीं कोणास विचारून ठरविली हें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं.

आज्ञापत्रांत झाडी राखण्याची आज्ञा दुर्गांच्या प्रकरणांत आहे; धन्यास राजी करून घेण्याची आज्ञा त्यापुढच्या, आरमाराच्या प्रकरणांत. योगायोग असा कीं, नेवाळीच्या जमिनीवर हक्क सांगणारें दल आरमाराचेंच आहे.